बेटावर चेर लावण्याआधी एकदा भरतीच्या वेळी तिथे जाऊन उभे राहा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही बडोद्यातले बारा-पंधरा जण. दर हिवाळ्यात वढवाण्याला पक्षी बघायला जातो. यंदा एका कंपनीकडून सीएसआरचा निधी मिळतोय. महीच्या किंवा नर्मदेच्या मुखाजवळच्या एखाद्या ओसाड बेटावर दहा हजार चेर, म्हणजे खारफुटीची रोपं, लावून परदेशातून येणाऱ्या पक्ष्यांसाठी कायमची जागा तयार करायची आहे. कोणती जात लावावी, दोन रोपांत किती अंतर ठेवावं, सुरुवात कुठून करावी?"

जात आणि अंतर सांगणं सोपं आहे. खंभातच्या आखातात तग धरणारं झाड म्हणजे तिवर, ज्याला आपल्याकडे सगळे चेरच म्हणतात. पण तुमच्या प्रश्नातल्या 'ओसाड' या शब्दापाशी मी थांबलो. मी बडोद्यातच वाढलो, इथल्याच विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकलो, आणि गेली सत्तावीस वर्षं खंभातच्या आणि कच्छच्या आखातात किनाऱ्यावरचे पक्षी मोजतोय. एवढ्या वर्षांत ओसाड बेट मला दिसलं नाही. ओहोटीला जाऊन पाहिल्यामुळे ओसाड वाटलेली बेटं मात्र बरीच दिसली. म्हणून झाडांचं नंतर बोलू. टिलवे, चिखले, पाणटिवळे, कर्ल्यू हे पक्षी बेटाकडे कशासाठी येतात, ते आधी बघू.

वढवाण्याची सवय असलेल्यांची इथे हमखास गल्लत होते. सयाजीराव महाराजांच्या काळात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला तो तलाव. 2021 मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेला. तिथलं पाणी सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी असतं. बदकं, राजहंस दिवसभर दिसतात, त्यामुळे 'पक्ष्यांची जागा' म्हटलं की तेच चित्र डोळ्यांपुढे येतं. समुद्रावर तसं नसतं. किनाऱ्यावरच्या पक्ष्याचा दिवस सूर्यावर चालत नाही, पाण्यावर चालतो. ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि तो खायला उतरतो, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. भरती लागली की खाणं बंद, आणि पुन्हा पाणी उतरेपर्यंत कुठेतरी कोरड्या जागी उभं राहायचं. चोवीस तासांत हे साधारण दोनदा, आणि रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकत.

खंभातच्या आखातात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्याही वर जातो. म्हणजे तीन मजली घराएवढं पाणी सहा तासांत चढतं आणि सहा तासांत उतरतं. कावी-कांबोईच्या स्तंभेश्वराला तुमच्यापैकी बरेच जण गेले असतील. पिंड दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते ते आपण हात जोडून बघतो. त्याच वेळी पाठ वळवून किनाऱ्याकडे पाहिलंत तर दुसरी गोष्ट दिसेल. किनारा इतका सपाट आहे की पाणी कोसच्या कोस आत येतं, आणि तासाभरापूर्वी मैलोन्‌मैल पसरलेले पक्षी हळूहळू रेटले जातात. शेवटी उरते एखादी उंच वाळूची पट्टी, मिठागराचा बांध, किंवा बेटाचा माथा. सगळ्या परिसरातले पक्षी त्या दोन-चार जागांवर खांद्याला खांदा लावून उभे राहतात. पक्षी मोजणारे आम्ही या जागेला 'रूस्ट' म्हणतो, भरतीचा थांबा. बेटाची खरी किंमत बहुतेक वेळा इथे असते. खायला चिखल किनाऱ्यालाही मिळतो. पण भरतीच्या तीन-चार तासांत कुत्रा नाही, माणूस नाही, मोटारसायकल नाही अशी जागा बेटावरच मिळते.

एका जानेवारीतली सकाळ सांगतो. पौर्णिमेनंतरचा दुसरा दिवस, जंबुसरच्या बाजूला एका मिठागराच्या बांधावर मी स्कोप, म्हणजे तिपाईवरची दुर्बीण, लावून बसलो होतो. समोर चाळीसेक पावलांवर छोट्या टिलव्यांचा थवा. चिमणीएवढा पक्षी, पंचवीस-तीस ग्रॅम वजन. सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे, एका पायावर उभे, चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली. स्कोपमधून एकाच पक्ष्याकडे पाहत राहिलं की कळतं, तो पूर्ण झोपत नाही. डोळा मिटतो, दोन-तीन सेकंदांनी उघडतो, पुन्हा मिटतो. तेवढ्यात गावाकडून दोन कुत्री आली आणि थवा उठला. कुत्र्यांना एकही पक्षी मिळाला नाही. ती परत गेली, थवा बसला, ती परत आली. तासाभरात सात वेळा तो थवा उठला. आठव्यांदा जो गेला तो आखाताकडे गेला आणि पाणी उतरेपर्यंत हवेतच घिरट्या घालत राहिला, कारण बसायला दुसरी जागाच नव्हती.

हे इतकं का लागतं मनाला, त्याचं कारण चरबी. हे पक्षी ऑगस्टपासून उतरू लागतात आणि एप्रिल-मेपर्यंत परत जातात. काही सैबेरियातून, काही मध्य आशियातून. परत जाण्याआधी त्यांना अंगात इंधन भरायचं असतं. पाणटिवळ्याच्या एका भाईबंदाने, बार-टेल्ड गॉडविटने, 2022 मध्ये अलास्काहून टास्मानियापर्यंत 13,560 किलोमीटर अंतर एकदाही न उतरता अकरा दिवसांत काटलं. जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू होतं ते, पाठीवर ट्रान्समीटर बसवलेला असल्यामुळे कळलं. असल्या प्रवासाचा हिशेब ग्रॅमवारी चालतो. भरतीच्या थांब्यावर वारंवार उडावं लागलं तर ओहोटीला कमावलेलं तिथेच खर्च होतं. म्हणजे खायला भरपूर असलेली जागासुद्धा थांबा मोडला की निकामी होते. आणखी एक, पहिल्या वर्षाची पिल्लं बऱ्याच जातींत उन्हाळ्यात परत जातच नाहीत, इथेच राहतात. त्यामुळे 'पक्षी गेल्यावर पावसाळ्यात काम उरकू' हा विचारही पूर्ण बरोबर नाही.

आता चेराकडे येतो. एक चूक आमच्या हातून झालेली आहे ती आधी सांगतो, म्हणजे मी हे पुस्तकातून बोलत नाही हे लक्षात येईल.

वीसेक वर्षांपूर्वी महीच्या मुखाच्या बाजूला एका उघड्या चिखलपट्ट्यावर आमच्या गटाने चेर लावले. उत्साह तुमच्यासारखाच, आणि हेतूही तोच. जागा निवडताना आम्ही ओहोटीला गेलो, मोकळी जमीन दिसली, रोपवनाला सोयीची वाटली. दोन पावसाळे काम केलं. बरीच रोपं मेली, पण एका भागात धरली, आणि आम्ही पेढे वाटले. तिसऱ्या-चौथ्या हिवाळ्यात गुडघ्याएवढी झाडी झाली, आणि दर जानेवारीत तिथे दिसणारे पाणटिवळे त्या भागात उतरेनासे झाले. आधी वाटलं, साल वाईट असेल. मग जुन्या वह्या काढल्या. त्या वर्षी मी पहिल्यांदा भरतीच्या वेळी तिथे जाऊन उभा राहिलो आणि समजलं: आम्ही नेमका त्यांचा थांबा भरून टाकला होता. काही जण पुढच्या एका कमी उंचीच्या पट्टीवर गेले होते, पण उधाणाला तीही बुडायची. ती झाडं आज उंच आहेत, हिरवी आहेत, फोटो छान येतो. मी तिकडे गेलो की अजून वाईट वाटतं.

असं का होतं ते सांगतो. या पक्ष्यांना लांबवर दिसलं पाहिजे. बहिरी ससाणा खालून, आडोशाने येतो, म्हणून झाडीच्या कडेला ते बसत नाहीत. चेर वाढला की त्याची श्वासमुळं चिखलातून खिळ्यांसारखी वर येतात, गाळ धरून ठेवतात, जमीन हळूहळू उंच आणि घट्ट होते. मऊ चिखलात चोच खुपसून कृमी, शिंपले, खेकडे काढणाऱ्यांची ती जमीन राहत नाही. कर्ल्यूची चोच पंधरा सेंटीमीटरपर्यंत लांब असते ती खोल बिळातून खेकडा ओढायला. टिलव्याची आखूड असते ती वरवरचं टिपायला. दोघांनाही उघडा, ओला, सपाट चिखल लागतो. तुम्हाला तो रिकामा दिसतो, पण लेवटे (चिखलात राहणारे निवटे मासे) पकडणाऱ्या कोळ्याला विचारा, हातभर जागेत किती बिळं असतात ते तो बोट ठेवून दाखवेल.

याचा अर्थ चेर वाईट असा नाही, आणि माझ्या म्हणण्याचा तसा अर्थ कोणी काढू नये. बंगालच्या खालोखाल कांदळवन गुजरातमध्ये आहे आणि ते हवंच आहे. मासळीची पिल्लं त्यात वाढतात, किनाऱ्याची धूप थांबते, गावं वाचतात. प्रश्न जागेचा आहे, आणि तो खरोखर जागेजागेवर अवलंबून आहे. पूर्वी जिथे चेर होता आणि तोडला गेला, किंवा बांध घातल्यामुळे खाडीचं पाणी पोचेना म्हणून वाळला, तिथे जरूर लावा. गावाच्या तोंडाशी कडा ढासळतेय, तिथे लावा. पण जिथे कधीच नव्हता अशा उघड्या चिखलावर नको.

ओळखायचं कसं? जुने सर्व्हे नकाशे आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांची उपग्रहचित्रं शेजारी शेजारी ठेवा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, सरपणाला लाकूड कुठून यायचं. आणि एक साधी खूण: चेराच्या बिया दरवर्षी पाण्याबरोबर सगळीकडे वाहत जातात. आसपास झाडं असूनही एखाद्या पट्ट्यावर आपोआप रोपं धरत नसतील, तर तिथे लाटांचा मार असेल, पाणी फार वेळ उभं राहत असेल किंवा गाळ हलता असेल. तिथे तुमचं रोपही धरणार नाही, फक्त पैसे जातील. उलट वाळलेल्या कांदळवनात पाण्याची बुजलेली वाट कुदळीने मोकळी करून दिली, तर पुष्कळदा दोन-तीन वर्षांत लावल्याशिवाय झाडं येतात. या कामात फोटोला रोप नसतं, ही अडचण मला माहीत आहे. कंपनीला ती समजावून सांगावी लागते.

'पक्षी हुशार असतात, दुसरीकडे जातील' असं एका बैठकीत मला सांगण्यात आलं होतं. दक्षिण कोरियात सेमांगुम इथे 33 किलोमीटरची समुद्रभिंत 2006 मध्ये पूर्ण झाली आणि सुमारे 400 चौरस किलोमीटरचा खाडीमुखाचा भाग भरती-ओहोटीपासून तुटला. ग्रेट नॉट नावाचा पक्षी तिथे प्रवासात फार मोठ्या संख्येने थांबायचा. तो शेजारच्या किनाऱ्यांवर वाढला का, ते पाहिलं गेलं, वाढला नाही. हिवाळ्यात तो जिथे जातो त्या ऑस्ट्रेलियात मात्र त्याची संख्या घटली. आज तो जागतिक यादीत संकटग्रस्त आहे. आपल्याकडे कच्छच्या आखातात तो येतो, त्यामुळे ही कोरियाची लांबची गोष्ट राहत नाही. शेजारची चांगली जागा बहुतेक वेळा आधीच भरलेली असते.

'एखाद्या बेटावर' असं तुम्ही म्हटलंय, पण आपल्या दोन आखातांतली बेटं एकसारखी नाहीत. कच्छच्या आखातातली बेटं, पिरोटन धरून बेचाळीस, जामनगरच्या सागरी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात येतात. 1980 मध्ये अभयारण्य, 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान. तिथे प्रवाळ आहे, वाळू आहे, जुना चेर आहे, आणि क्रॅब प्लोव्हर आहे: काळा-पांढरा, जाड चोचीचा, खेकड्यांवर जगणारा, घरटं वाळूत बीळ खणून करणारा. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊलही टाकायचं नाही. तुमच्यासारख्या गटाने तिथे नवं काही करण्यापेक्षा मोजणीला हात लावावा, तेवढंच पुष्कळ आहे.

खंभातच्या आखातातली बेटं गाळाची, आणि ती एका जागी राहत नाहीत. पावसाळ्यात एका बाजूने खचतात, दुसरीकडे भरतात. नर्मदेवरच्या धरणांनी गाळ अडतो, गोडं पाणी कमी येतं, आता भाडभूतला बंधारा होतोय; मुखाकडच्या बेटांचं रूप यापुढेही बदलत राहणार. 'कायमची जागा' हा शब्द म्हणून इथे बसत नाही. एक बेट पकडून त्याला कुंपण घालण्यापेक्षा, दहा-पंधरा किलोमीटरच्या पट्ट्यात भरतीला बसायच्या तीन-चार जागा सतत शिल्लक राहतील, हे बघावं लागतं. एक बुडाली तर दुसरी हवी.

आलियाबेटाचं उदाहरण घ्या. नर्मदेच्या मुखात, भरूच जिल्ह्यात. बाहेरून बघणाऱ्याला रिकामं वाटतं, पण तिथे जत मालधारींची कुटुंबं उंट-म्हशी घेऊन राहतात. 2022 च्या विधानसभेला त्यांच्यासाठी एका कंटेनरमध्ये मतदान केंद्र उभारलं होतं, ते आठवत असेल. त्यांचे खाराई उंट पोहत जाऊन चेर खातात. आमच्यातले काही जण सुरुवातीला उंटांनाच शत्रू समजले. मी तिथल्या एका काकांजवळ चहा पीत बसलो तेव्हा त्यांनी काठीने वाळूवर रेघ ओढून दाखवलं, चौदशीला पाणी कुठवर येतं, बीजेला कुठवर, आणि 'धोळां पंखी', म्हणजे पांढरे पक्षी, त्यातल्या कोणत्या टेकाडावर बसतात. आम्हाला तीन हिवाळे लागले असते ते समजायला. अशा माणसांना डावलून बेटावर काही केलंत तर ते टिकणार नाही, आणि टिकूही नये.

मग निधीचं काय करायचं? पहिलं वर्ष फक्त मोजण्यात घाला. दर महिन्याला एक उधाण आणि एक भांग (अष्टमीच्या सुमाराची, पाणी कमी चढणारी भरती), दोन्ही वेळा, भरतीच्या आधी दोन तास पोचून. वेळापत्रक भावनगर किंवा दहेजचं बघा, मुंबईचं नको. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, ते गणित इथे लागू पडत नाही. आखाताच्या आत पाणी काही तास उशिरा चढतं. थवा दहा-दहाच्या गठ्ठ्यात मोजा, दोघांनी वेगवेगळा मोजा, आकडे नंतर जुळवा. किती वेळा उडाले आणि कशामुळे, हे आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे. त्यासाठी वहीत वेगळा रकाना ठेवा. पायात रंगीत पट्टी असलेला पक्षी दिसला तर फोटो काढून मुंबईच्या बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवा. जानेवारीतली एक मोजणी आशियाई पाणपक्षी गणनेत द्या. ती 1987 पासून चालू आहे, तिथे दिलेला आकडा पुढे कामाला येतो. कारण एखाद्या जागी नियमित वीस हजार पाणपक्षी, किंवा एका जातीच्या एकूण संख्येचा एक टक्का येत असेल, तर रामसरच्या कसोटीवर ती आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरते. उद्या कोणी तिथे जेट्टी काढायला निघालं तर भावना नाही, ही वही उपयोगी पडते. किनारा नियमनाच्या अधिसूचनेत जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलपट्टे आणि पक्ष्यांच्या घरट्यांच्या जागा सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात आहेत. पण पट्टा 'सक्रिय' आहे हे कोणीतरी दाखवून द्यावं लागतं.

दुसऱ्या वर्षापासून, वही सांगेल तसं. माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त त्रास कुत्र्यांचा निघतो. ती येतात मासळीच्या टाकाऊ ढिगाकडे आणि छावण्यांच्या खरकट्याकडे. ढीग झाकायची, पुरायची व्यवस्था आणि नसबंदी, या दोन्हींचा खर्च निधीतून होऊ शकतो, आणि गावालाही हवा असतो. मिठागराच्या मालकाशी बोला: एक बांध झुडपं काढून मोकळा ठेवायचा, एका खाचरात वीतभरच पाणी ठेवायचं, आणि त्या बांधावरून नोव्हेंबर ते मार्च वाहन न्यायचं नाही. एका मालकाने आमचं एवढं ऐकलं आणि दुसऱ्याच हिवाळ्यात त्या बांधावर टिलवे आणि चिखले उभे राहिले. उधाणाच्या दिवसांत थांब्याजवळ बसायला गावातल्याच एका-दोघांना मानधन द्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला शंभर पावलं लांबून जायला सांगण्यासाठी. एवढ्यानेही फार फरक पडतो.

चेर लावायचेच असतील, कंपनीची तेवढी अट असेल, तर वनखात्याबरोबर बसून जुन्या, मेलेल्या कांदळवनाची जागा निवडा, आणि मोजणीत थांबा म्हणून नोंदलेल्या जागेपासून लांब. दहा हजारांचा आकडा सोडून द्या. दोन हजार जगले तर मी स्वतः येऊन पाणी पाजीन असं म्हणालो असतो, पण त्यांना पाणी समुद्रच पाजतो. तुम्ही फक्त त्याची वाट अडलेली नाही ना ते बघायचं.

आजच्या घडीला जागा ठरवू नका, रोपांची ऑर्डर देऊ नका. पौष पौर्णिमेच्या आधीचा आणि नंतरचा दिवस मी कांबोईच्या बाजूला असेन. बडोद्याहून दीड-दोन तास लागतात, भरतीच्या दोन तास आधी पोचा. स्कोप माझ्याकडे आहे. तुम्ही वही आणा, मातीत मिसळणाऱ्या रंगाचे कपडे घाला, आणि बांधावर चढायच्या आधी गाडीची दारं हळू लावा.